संगणक भंगारात घालण्याआधी : लिनक्सची ओळख आणि सुरुवात



गेल्या काही महिन्यांपासून प्रभागसंघाच्या बैठकांमध्ये एक विषय फिरून फिरून येतोय. कार्यालयातला कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर निरोप येतो, तुमच्या विंडोज १० ची मुदत संपली. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, हा जुना झाला, याच्यावर नवीन विंडोज बसत नाही, नवाच घ्या." मग पुढच्या बैठकीत विषय येतो, नवीन संगणक खरेदी करणे. पैसा कुठला? प्रभागसंघाच्या निधीतला. म्हणजे तुमच्या सभासद फीचा आणि तुम्ही वेळेवर भरलेल्या व्याजाचा. त्या रकमेत एखादीच्या दोन शेळ्या येतात, नाहीतर शिलाई मशीन येतं. म्हणून ठरावावर सह्या करायच्या आधी हा लेख वाचा, आणि जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवा.

आधी खरं काय ते सांगते. विंडोज १० बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याची नेहमीची दुरुस्ती देणं बंद केलं आहे. संगणक त्या दिवशी बंद पडलेला नाही, तो चालतोच. पण व्हायरस आणि चोरट्यांपासून वाचवणाऱ्या ज्या दुरुस्त्या दर महिन्याला यायच्या, त्या थांबल्या. ज्या संगणकावर बँकेचं काम होतं, तीनशे-चारशे बायांचे आधार क्रमांक आणि खाते क्रमांक आहेत, तो असा उघड्या दाराचा ठेवणं बरं नाही. नवीन विंडोज ११ ला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि सुरक्षेची एक खास चिप लागते. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच संगणकांत ते नाही. दुकानदार याबाबतीत खोटं बोलत नाही. तो फक्त तिसरा रस्ता सांगत नाही, कारण त्यात त्याची विक्री नाही.

त्या तिसऱ्या रस्त्याचं नाव लिनक्स.

मोफत वेगळं, मुक्त वेगळं

संगणक म्हणजे नुसतं यंत्र. कीबोर्डवर काय दाबलं, ते पडद्यावर कसं दाखवायचं, फाईल कुठे ठेवायची, प्रिंटरला काय सांगायचं, हा सगळा कारभार बघणारी एक मूळ प्रणाली आत बसवलेली असते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही एक ऑपरेटिंग सिस्टीम. लिनक्स ही दुसरी. आणि तुम्ही लिनक्स कधी पाहिलंच नाही असं समजू नका. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन आतून लिनक्सच्या गाभ्यावरच चालतो. ज्या मोबाईलवर तुम्ही लोकओएसमध्ये गटाची माहिती भरता, त्याच्या पोटात तेच आहे.

लिनक्स फुकट मिळतं हे ऐकलं की बाया लगेच विचारतात, "फुकट आहे म्हणजे कायतरी खोट असणार." प्रश्न बरोबर आहे. फुकटच्या नावाखाली आपल्याला पुष्कळांनी फसवलेलं आहे. इथे आपल्या मराठीचा फायदा होतो. इंग्रजीत एकच शब्द दोन्हीला वापरतात म्हणून त्यांचा गोंधळ होतो, आपल्याकडे मोफत आणि मुक्त असे दोन शब्द आहेत. लिनक्स मोफत तर आहेच, पण खरी गोष्ट अशी की ते मुक्त आहे.

बियाण्याचं उदाहरण घ्या. कपाशीचं पाकीट दरवर्षी विकत आणावं लागतं. दुसऱ्या वर्षी त्याच कपाशीचं बी धरून पेरलं तर पहिल्यासारखं पीक येत नाही, आणि त्या पाकिटातलं वाण कसं तयार झालं ते आपल्याला कोणी सांगत नाही. याउलट घरची बाजरी, घरची तूर. बी आपलं, राखेत किंवा मडक्यात जपून ठेवायचं, शेजारणीला द्यायचं, चांगली कणसं निवडून वाण सुधारायचं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणं बँक उभी केली, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाला. त्यांच्या कामाची तऱ्हा लक्षात घेतली तर मुक्त सॉफ्टवेअर समजायला वेळ लागत नाही. ते कसं बनवलंय ते कोणीही उघडून बघू शकतं, स्वतः वापरू शकतं, बदलू शकतं, दुसऱ्याला देऊ शकतं. अट एकच. तुम्ही त्यात सुधारणा करून पुढे वाटलंत, तर घेणाऱ्यालाही तेच सगळे हक्क द्यायचे. आणि बियाण्यापेक्षा एक गोष्ट सोपी आहे. शेजारणीला पायलीभर बी दिलं तर आपलं पायलीभर कमी होतं. सॉफ्टवेअर कितीही जणींना दिलं तरी आपल्याकडचं कमी होत नाही.

ही कल्पना रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकेतल्या माणसाने १९८३ मध्ये मांडली. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने गाभ्याचा भाग लिहिला आणि सगळ्या जगाला खुला केला. त्याच्या नावावरून लिनक्स. आता त्यावर जगभरातले हजारो लोक काम करतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना मोठमोठ्या कंपन्या पगार देतात, कारण त्या कंपन्यांची स्वतःची मोठी यंत्रं लिनक्सवर चालतात. म्हणून ते टिकून आहे. कोणाच्या दयेवर चाललेलं नाही.

आपल्याकडेही हे नवीन नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाचं भारतीय लिनक्स तयार केलं. केरळातल्या सरकारी शाळांमध्ये मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच संगणक शिकतात. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरणही जाहीर केलं. म्हणजे उद्या कोणी म्हणालं की हे बेकायदेशीर आहे, तर त्याला हे सांगा. बेकायदेशीर काय असतं माहितीये? दुकानात थोड्या पैशांत "विंडोज टाकून देतो" म्हणतात ना, पावती नाही, परवाना नाही, ते. आपल्या कितीतरी कार्यालयांत तेच चालू आहे. लेखापरीक्षणात एक-एक रुपयाची पावती मागणाऱ्या आपण, कॉम्प्युटरच्या पोटात मात्र चोरीचा माल. मला तरी हे पटत नाही.

कोणतं लिनक्स घ्यायचं

लिनक्सचे वाण पुष्कळ आहेत. उबुंटू, डेबियन, फेडोरा, बॉस. सगळ्यांचा गाभा एक, वरचा साज वेगळा. सुरुवातीला या चर्चेत पडू नका. विंडोजची सवय असलेल्या ताईला लिनक्स मिंट सगळ्यात सोपं जातं असं माझं मत आहे. खाली डाव्या कोपऱ्यात मेनूचं बटण, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. डोळ्यांना ओळखीचं वाटतं. मिंटचेही तीन प्रकार मिळतात. त्यातला एक्सएफसीई हा हलका आहे, जुन्या संगणकाला तोच बरा.

एक गंमत सांगते. मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव देतात. २००६ मधली पहिली होती एडा. २०२४ मधली बाविसावी विल्मा. मिंट ज्या उबुंटूवर उभं आहे ते डेबियनवर उभं आहे, आणि डेबियन हे नावच मुळी डेब्रा आणि इयान या जोडीच्या नावांतून झालं. त्यातही बाईचं नाव आधी!

मिंटला रॅम किमान २ जीबी लागते, ४ असली तर काम सुखाने होतं. डिस्कवर किमान २० जीबी जागा, पण शंभरेक असावी. तुमच्या संगणकात किती आहे ते बघायचं तर विंडोजमध्ये "धिस पीसी" वर उजवं बटण दाबून "प्रॉपर्टीज" उघडा. तिथे रॅमचा आकडा असतो आणि ६४ बिट की ३२ बिट तेही लिहिलेलं असतं. प्रोसेसर ६४ बिटचा हवा. गेल्या दहा-पंधरा वर्षांतला बहुतेक संगणक यात बसतो. आणि एक. तुमच्या संगणकात जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर ती बदलून एसएसडी बसवून घ्या. नव्या संगणकापुढे हा खर्च फारच कमी, आणि चालायला लागलेला फरक डोळ्यांनी दिसतो.

सगळ्यात आधी दप्तर वाचवा

आता नीट लक्ष द्या, कारण या लेखातला महत्त्वाचा भाग हाच आहे. लिनक्स बसवताना चुकीचं बटण दाबलं तर संगणकातलं सगळं पुसलं जातं. सगळं म्हणजे सगळं. कर्जवाटपाची यादी, रोकड वही, ठरावांच्या प्रती, बायांचे पासबुकाचे फोटो. म्हणून बसवायच्या आठ दिवस आधीपासून बॅकअप घ्यायला बसा.

दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रत ठेवायची. एक पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क अध्यक्षताईंकडे, दुसरी सचिवताईंकडे. प्रत घेतली म्हणून लगेच खुश होऊ नका. ती दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकात लावून चार-पाच फाईली उघडून बघा. न उघडणारा बॅकअप म्हणजे रिकामी कणगी. फाईली फक्त डेस्कटॉपवर नसतात. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, डी ड्राइव्ह, सगळीकडे शोधा. आधीची डेटा एंट्री करणारी मुलगी लग्न होऊन गेली असेल तर तिला फोन करून विचारा की बाई, तू कुठे काय ठेवायचीस.

मराठी फाईलींची एक खास भानगड आहे. जुने ठराव आणि पत्रं आपल्याकडे श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ही अडचण लिनक्सची नाही. एका विंडोजवरून दुसऱ्या विंडोजवर नेलं तरी तेच होतं. यावर उपाय असा, की जुना संगणक चालू आहे तोवरच त्या फाईली उघडा आणि त्यांची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये अक्षरं जशीच्या तशी राहतात. ज्या फाईलीत पुढे बदल करायचा आहे, ती युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा किंवा रूपांतर करून घ्या. इथून पुढे मात्र सगळं युनिकोडमध्येच. मोबाईलवर आपण जी मराठी लिहितो ती युनिकोडच असते.

आधी चाखून बघा, मग बसवा

लिनक्सची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही आहे. ते संगणकात न बसवता नुसतं पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं. भाजीत मीठ किती ते चाखूनच ठरवतो ना, तसं.

त्यासाठी ८ जीबीचा एक रिकामा पेन ड्राइव्ह लागतो. लिनक्समिंट डॉट कॉम या त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून फाईल उतरवायची. फाईल सुमारे ३ जीबीची आहे, गावातल्या मोबाईल नेटवर अर्धा दिवस जाईल, तेव्हा चांगल्या वायफायवर उतरवून घ्या. दुसऱ्या कुठल्या तरी साइटवरून उतरवू नका. ही फाईल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट केली तर संगणक तिच्यावरून चालू होत नाही. रुफस किंवा एचर नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर वापरून ती चढवावी लागते. चढवताना पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून बॅकअपचा पेन ड्राइव्ह यासाठी चुकूनही घेऊ नका.

पेन ड्राइव्ह तयार झाला की संगणक बंद करा, पेन ड्राइव्ह लावा, आणि चालू करताच एक बटण परत परत दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला बहुतेक वेळा एफ-१२, एचपीला एफ-९ किंवा आधी एस्केप. एक यादी येते, त्यातून पेन ड्राइव्हचं नाव निवडायचं. मग मिंटचा पडदा येतो. दोन-तीन मिनिटं लागतात, घाबरू नका. पेन ड्राइव्हवरून सगळं जरा संथ चालतं, तेही धरून चला.

आता हात मोकळा सोडा. जोवर तुम्ही "इन्स्टॉल" वर जात नाही आणि डिस्कमधल्या फाईलींना स्वतःहून हात लावत नाही, तोवर आतल्या विंडोजला काहीही होत नाही. इंटरनेट जोडलं जातंय का बघा. गाणं लावून आवाज येतोय का बघा. प्रिंटर जोडून एक पान छापा. एचपीचे बहुतेक प्रिंटर ते आपसूक ओळखतं. कॅननच्या काही लेझर मॉडेलांना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं कटकटीचं आहे. तुमचा प्रिंटर तसा निघाला तर ते आत्ताच कळलेलं बरं. फायरफॉक्स उघडून बँकेची साइट, ईमेल, नेहमीची सरकारी पोर्टल उघडून बघा. बॅकअपमधली एक एक्सेल फाईल उघडा. ती लिबरऑफिस कॅल्क नावाच्या प्रोग्राममध्ये उघडेल. रकाने, बेरजा, सूत्रं जागच्या जागी आहेत का तपासा. साध्या हिशेबाच्या फाईली नीट उघडतात. मॅक्रो घातलेल्या फाईली कधी कधी अडतात. एक सवय लावून घ्या, बँकेला किंवा तालुक्याला फाईल पाठवायची असेल तर "सेव्ह ॲज" करून एक्सेलचाच प्रकार निवडायचा, म्हणजे समोरच्याला उघडताना त्रास होत नाही.

ही चाखणी दोन-तीन दिवस करा. लेखापाल ताईला एकटीला बसवा, शेजारी कोणी नको. तिला जमलं तर पुढे जा.

कोणी लिनक्सवर जाऊ नये

मी लिनक्सची जाहिरात करत नाहीये, म्हणून हे स्वतंत्र सांगते. तुमचा हिशेब टॅलीत असेल तर तो संगणक विंडोजवरच ठेवा. टॅली थेट लिनक्सवर बसत नाही. आडमार्ग आहेत, पण आर्थिक वर्षाच्या शेवटी आडमार्गात अडकून पडणं आपल्याला परवडणारं नाही. बीसी सखी ताई बोटांचे ठसे घेण्याचं जे यंत्र वापरतात, त्यातली काही फक्त विंडोज किंवा अँड्रॉइडवर चालतात. तुमच्या यंत्राच्या कंपनीला विचारल्याशिवाय हात लावू नका. निविदा किंवा खरेदीच्या कामाला डिजिटल सहीची चावी लागते, तिचंही तसंच.

अशा ठिकाणी दोन मार्ग आहेत. संगणक दोन असतील तर एक विंडोजवर ठेवा, दुसऱ्यावर लिनक्स घाला. एकच असेल आणि डिस्कमध्ये जागा असेल तर एकाच संगणकात दोन्ही शेजारी-शेजारी राहू शकतात, चालू करताना विचारतो कोणतं हवं. पण यातही जुन्या विंडोजने इंटरनेटवर फिरायचं नाही, तिला फक्त टॅलीपुरतं ठेवायचं.

बसवताना

ज्या दिवशी लाईट जायची नाही तो दिवस निवडा. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून घ्या. साधारण अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. पडद्यावर "इन्स्टॉल लिनक्स मिंट" असं चिन्ह दिसतं, त्यावर दोनदा टिचकी मारली की एकेक प्रश्न येतात.

पहिला प्रश्न भाषेचा. यादीत मराठी आहे. ती निवडली तर बराचसा मजकूर मराठीत येतो, काही इंग्रजीतच राहतो, कारण भाषांतर लोक आपापल्या वेळेतून करतात आणि ते पूर्ण झालेलं नाही. पुढे कीबोर्ड. नंतर गाणी-व्हिडिओ चालायला लागणाऱ्या मल्टिमीडिया कोडेकसाठी एक चौकट येते, तिच्यात खूण करा. वेळेच्या पानावर नकाशात कोलकाता असं दिसेल. चुकलं असं वाटून परत मागे जाऊ नका. सगळ्या भारताची वेळ संगणकात त्याच नावाने लिहिलेली असते.

अवघड प्रश्न एकच आहे. विंडोजच्या शेजारी बसवायचं, की डिस्क पुसून बसवायचं? "इरेज डिस्क" लिहिलेलं दिसलं की हात थांबवा. बॅकअप दोन ठिकाणी आहे का? उघडून बघितला होता का? दोन्हीचं उत्तर हो असेल आणि विंडोज नकोच असेल, तरच पुढे जा. शंका असेल तर बाहेर पडा आणि फोन करा. एक दिवस उशीर झाला तर बिघडत नाही.

शेवटी नाव आणि पासवर्ड मागतो. इथे जरा थांबून बोलायचंय.

पेटी एकीकडे, चावी दुसरीकडे

गटाची पेटी एकीच्या घरी ठेवतो आणि चावी दुसरीकडे. हा नियम आपल्याला पाठ आहे. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण तो सोडून देतो. किती कार्यालयांत पासवर्ड फक्त एका माणसाला माहीत असतो! कधी तो दुकानातला मुलगा, कधी कोणाचा पुतण्या, कधी मानधनावरचा ऑपरेटर. तो रुसला किंवा गाव सोडून गेला, की पन्नास-साठ गटांचा हिशेब कुलपात. आणि तो जागेवर असला तरी बायांच्या कर्जाची माहिती त्याच्यासमोर उघडी. कोण थकली, किती थकली, हे गावात फुटायला वेळ लागत नाही. याच भीतीने काही बाया मोठं कर्ज मागतच नाहीत.

लिनक्समध्ये रोजचं काम आणि कारभाराची चावी वेगळी ठेवता येते. तुम्ही नवीन प्रोग्राम बसवायला गेलात किंवा प्रणालीत काही बदलायला गेलात की ते पासवर्ड मागतं. म्हणून दोन-तीन वेगळी खाती करा. एक कारभाराचं खातं, त्याचा पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव यांच्याकडे, कागदावर लिहून पाकिटात बंद करून दप्तराच्या कपाटात. लेखापालाचं साधं खातं वेगळं. बाहेरचा कोणी प्रिंट काढायला येतो त्याच्यासाठी आणखी एक, ज्यातून हिशेबाच्या फाईली दिसणार नाहीत. हे विंडोजवरही करता येतं बरं का, पण नवीन घर लावताना कुलपं बदलून घेणं सोपं जातं. पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदलायचा, जशी बँकेतली सही बदलतो.

पहिल्या आठवड्यात

खालच्या पट्टीवर ढालीचं एक चिन्ह असतं, ते अपडेट मॅनेजर. त्यावर ठिपका दिसला की नवीन दुरुस्त्या आल्या आहेत. आठवड्यातून एकदा त्या घ्या, पैसे लागत नाहीत आणि काम अर्धवट टाकून जबरदस्तीने संगणक बंदही होत नाही. टाइमशिफ्ट नावाचं साधन चालू करून ठेवा. काही बिघडलं तर ते प्रणालीला आधीच्या दिवसावर परत नेतं. तुमच्या फाईलींचा बॅकअप मात्र ते घेत नाही, तो तुमचा तुम्हीच घ्यायचा.

मराठी टाइपिंगसाठी सेटिंगमधल्या कीबोर्डमध्ये जाऊन मराठीचा लेआउट जोडा. दोन प्रकार दिसतील. फोनेटिक म्हणजे इंग्रजी उच्चारावरून मराठी, मोबाईलची सवय असेल तर हे लगेच जमतं. इनस्क्रिप्ट हा भारतीय मानकाचा, यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला. शिकायला पंधरा दिवस लागतात, पण लेखापाल ताईने तोच शिकावा. एकदा बोटं बसली की वेग येतो, आणि पुढे कुठल्याही कार्यालयात, कुठल्याही संगणकावर तोच कीबोर्ड असतो. बसलं का ते बघायला "औरंगपुऱ्यात" हा शब्द लिहून बघा. त्यातला ऱ्या नीट उमटला म्हणजे सगळं जागेवर आहे. इनस्क्रिप्टमध्ये र च्या बटणावर शिफ्ट धरून ऱ येतो, मग पाय मोडायचा आणि य. पुष्कळ जणींना हा ऱ्या सापडत नाही म्हणून त्या "पुर्यात" लिहून मोकळ्या होतात!

व्हायरसचं विचाराल तर पेन ड्राइव्हमधून येणारे नेहमीचे व्हायरस विंडोजसाठी लिहिलेले असतात, लिनक्सवर ते चालत नाहीत. पण "तुमचं खातं बंद होणार आहे, ओटीपी सांगा" म्हणणाऱ्या फोनपासून कुठलीच ऑपरेटिंग सिस्टीम वाचवत नाही.

शिकण्यासाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, मराठी आवाजात, लिबरऑफिसचे आणि लिनक्सचेही, पूर्ण मोफत. शिकवण्याची रीत अशी की अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ लावायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर स्वतः करून बघायचं. थांबवा, मागे न्या, परत बघा. शिकवणारा चिडत नाही. माझ्या अनुभवात पन्नाशीच्या तायांना वर्गात बसण्यापेक्षा हे जास्त मानवतं, कारण दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटत नाही.

आपल्या औरंगपुऱ्याच्या कार्यालयात खिडकीजवळचा संगणक मिंटवर चालतो. जिल्हा परिषदेत कामाला आलात की तिथून वर या आणि तासभर हात फिरवून बघा. येताना सोबत ८ किंवा १६ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह आणा, मिंट त्यावर चढवून देऊ. प्रिंटरचं मॉडेल, रॅमचा आकडा आणि ज्या पोर्टलवर काम करता त्यांची नावं कागदावर लिहून आणा. आणि एकटी येऊ नका, लेखापालासोबत एखादी पदाधिकारी हवीच.

बैठकीत विषय घेणार असाल तर ठराव असा लिहिता येईल. "कार्यालयातील संगणकातील संपूर्ण दप्तराची प्रत दोन ठिकाणी घेऊन ती तपासावी. त्यानंतर संगणकावर लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली पेन ड्राइव्हवरून पंधरा दिवस चालवून पाहावी. प्रिंटर, बँक व पोर्टलची कामे होत असल्याची खात्री लेखापाल व सचिव यांनी करून पुढील बैठकीत अहवाल ठेवावा. तोपर्यंत नवीन संगणक खरेदीचा विषय स्थगित ठेवावा." सूचक, अनुमोदक, सह्या नेहमीप्रमाणे. पंधरा दिवसांनी जमलं नाही असं दिसलं तर स्थगिती उठवा आणि खुशाल नवीन घ्या. फक्त दुकानदाराकडून विंडोजच्या परवान्याची पावती मागून घ्या.